पेन्सिलीने लिहिलेला सहा

प्रारंभीच वाचकांची क्षमा मागते. लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. आजवर माझ्या हातून जे लेखन झाले ते तीन प्रकारचे: यंत्रांविषयीची टिपणे, महाविद्यालयातल्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आणि माझ्या हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल. यांतल्या तिसऱ्या प्रकारात माझ्याकडून एकदा जे घडले, तेच सांगण्यासाठी ही पाने लिहायला घेतली आहेत. एका माणसाविषयी एक आकडा जिला धड लिहिता आला नाही, तिने उतारवयाकडे झुकताना एवढी पाने लिहावीत हे काहींना धाडस वाटेल. मलाही वाटते. पण गप्प बसण्याने एकदा फार नुकसान केले आहे, म्हणून लिहिते.

अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी फौजेत, हवाई दलात, अधिकारी म्हणून गेले आणि सव्विसाव्या वर्षी बदली होऊन पुन्हा माझ्याच गावी, नागपुरात, आले. विमानांची इंजिने दुरुस्त करणारी ती एक कार्यशाळा होती. माझ्या विभागात एकतीस माणसे. त्यांच्यातले सर्वांत ज्येष्ठ होते एक वॉरंट ऑफिसर. ज्यांना फौजेची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते: भरती झालेला मुलगा पायरी पायरीने चढत, पंचवीस-तीस वर्षे तेलात हात बुडवून, केस पिकल्यावर वॉरंट ऑफिसर होतो. त्याच्या वर आणखी एकच पायरी असते, मास्टर वॉरंट ऑफिसरची. पण त्या दोघांच्याही वर, कालच कमिशन मिळालेला, पुस्तकांचा वास अजून हाताला असलेला अधिकारी असतो. तेथे मी होते. ते भरती झाले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

ते मूळचे काटोलकडचे. कार्यशाळेत सगळ्यांशी हिंदी बोलत. रागावले किंवा खुशीत आले की वऱ्हाडीवर येत. मी त्यांना 'साहेब' म्हणत असे आणि ते मला 'मॅडम'. कोण कोणाचा वरिष्ठ, हे आमचे बोलणे ऐकून कोणाला ओळखता आले नसते.

पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर मी एक नट आवळायला घेतला, ते केवळ मलाही हातकाम येते हे दाखवण्यासाठी. ते शेजारी येऊन उभे राहिले. काही वेळाने हळूच, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाले, "मॅडम, पाना उलटा धरला तुम्ही."

माझे कान तापले.

"काही होत नाही. पाना लाजत नाही, तं आपण काहून लाजावं?"

मग मोठ्याने, पलीकडच्या बाकावर हसू दाबणाऱ्या सार्जंटला उद्देशून: "काहून गा, तुले लय हसू येऊन राहिलं? तू आला तेव्हा तं पाना आणि पकड यातला फरक विचारत होता. आठवते मले."

सार्जंट म्हणाला, "सर, वो मैं नहीं था, वो दूसरा था."

"दुसराही तूच होता."

सगळे हसले आणि मी सुटले. पुढच्या दीड वर्षात त्यांनी मला इंजिन शिकवले. मी पदवीला जे शिकले होते ते इंजिनाविषयी होते. त्यांनी मला इंजिन शिकवले, एवढाच फरक करता येतो. चाचणीच्या वेळी ते कानावरचे आवाजरोधक क्षणभर किंचित बाजूला सारून ऐकत आणि म्हणत, "तिसऱ्या बेअरिंगले पाहा." पाहिले की तेथेच काहीतरी निघे.

त्यांचा एक नियम होता. खरे तर तो त्या धंद्याचाच नियम. पण बाकीचे तो पाळत आणि ते तो जगत. ज्याने काम केले त्याने त्या कामावर तपासणीची सही करायची नाही. दुसऱ्याच डोळ्यांनी पाहायचे. आमच्याकडे प्रत्येक इंजिनाचे एक कार्ड असे. काम झाले आणि तपासणी व्हायची असली, की काम करणाऱ्याने रकाना रिकामा ठेवायचा नाही. चालण्याजोगा जो कमीत कमी आकडा असेल तो पेन्सिलीने लिहून ठेवायचा. मग तपासणाऱ्याने स्वतः मोजायचे आणि खरा आकडा शाईने लिहायचा. पेन्सिलीच्या आकड्याचा अर्थ एवढाच, की येथे काम झाले आहे, येऊन पाहा.

एकदा एक इंजिन दुपारपर्यंत बाहेर पडायलाच हवे होते. शेवटची जोडणी साहेबांनी स्वतःच्या हाताने केली होती आणि तपासणीच्या सहीचा अधिकार असलेले दुसरे कोणी त्या दिवशी हजर नव्हते. आमचे प्रमुख अधिकारी स्वतः खाली आले.

"साहब, आपसे बढ़कर यहाँ कौन है? कर दीजिए साइन."

"सर, काम मेरा है. मैं नहीं देखूँगा."

"मतलब आपको अपने काम पर भरोसा नहीं?"

"भरोसा है सर. इसीलिए नहीं देखूँगा. भरोसे वाली आँख को दिखता नहीं."

दुसऱ्या विभागातून तपासनीस येईपर्यंत तीन तास इंजिन तसेच उभे राहिले. साहेब तेवढा वेळ शेजारी स्टुलावर बसून अवजारांचा फळा पुसत होते. त्या फळ्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली असे. संध्याकाळी एकही आकृती रिकामी दिसता कामा नये. तपासनिसाने येऊन मोजले, शाईने लिहिले, सही केली. काहीही चूक निघाली नाही. साहेब उठले आणि त्याचे आभार मानले. मी हे सगळे पाहिले होते. हे येथे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे मला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय मी स्वतःला ठेवू इच्छित नाही.

वर्षअखेरीस अहवालांचे दिवस आले. प्रत्येक माणसाच्या कामाला नऊपैकी एक आकडा द्यायचा आणि चार ओळी लिहायच्या. सहा म्हणजे काम चालण्याजोगे. आठाच्या खाली ज्याचा आकडा गेला त्याचे नाव बढतीच्या यादीत सहसा टिकत नसे. माझ्या आधीचे अधिकारी सूत्रे सोपवताना म्हणाले होते, "अहवालांची चिंता करू नका. साहेब सगळ्यांचे आकडे पेन्सिलीने मांडून देतात. आपण शाईने उतरवायचे. इथे पूर्वीपासून असेच चालते." हे कोणत्याही नियमात नव्हते, एकाकडून दुसऱ्याकडे आलेली ती त्या कार्यशाळेची सवय होती, आणि तिच्यामागे एक खरे कारणही होते. आम्ही अधिकारी दोन वर्षांत बदलून जाणार. माणसांना ओळखणारे तेच एक होते.

साहेबांच्या स्वतःच्या आकड्याचे काय करायचे, हे मात्र त्या अधिकाऱ्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही. त्या वर्षीचा अहवाल साहेबांसाठी शेवटचा होता; तो धरूनच बढतीचा निर्णय होणार होता आणि त्यानंतर वयामुळे संधी नव्हती. हे सगळ्या कार्यशाळेला ठाऊक होते. ते स्वतः कधी त्याविषयी बोलत नसत, फक्त एकदा बोलले. फौजेत बढती मिळाली की नव्या हुद्द्याची पट्टी खांद्यांवर चढवण्याचा छोटासा समारंभ असतो. एका बाजूला घरचे माणूस आणि दुसऱ्या बाजूला अधिकारी. कार्यशाळेच्या एका मेळाव्यात त्यांच्या पत्नीने मला बाजूला घेऊन सांगितले, की त्या दिवसासाठी म्हणून गांधीबागेच्या कापडबाजारातून जांभळ्या काठांची साडी आणून ठेवली आहे. साहेबांनी ते ऐकले.

"आतापासून कायले सांगून राहिली वं? झालं तं नेसशीन."

"झालं तं म्हणजे? होईनच."

मग साहेब माझ्याकडे न पाहता म्हणाले, "झालंच मॅडम, तं एका खांद्याले ही लावन. दुसऱ्याले तुम्ही लावाल. प्रमुखसाहेबाले मी विचारून घेतो."

मी मान हलवली.

आकड्यांचा कागद त्यांनी एका सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवला. एकतीस ओळी, सुबक अक्षर, पेन्सिलीने. सार्जंटला आठ. एकाला पाच, आणि त्यापुढे कंसात कारण: 'आई आजारी, मन लागत नाही, पुढल्या वर्षी सुधारेल.' प्रत्येक आकड्यामागे त्या माणसाचे सगळे वर्ष उभे होते. शेवटच्या ओळीत त्यांचे स्वतःचे नाव आणि त्यापुढे सहा.

तो आकडा पाहून मी थबकले, हे खरे आहे. उठून दहा पावले चालत गेले असते आणि विचारले असते, तर पुढचे काहीच घडले नसते. पण मी लहानपणापासून अशी आहे, की माणसाशी बोलण्यापेक्षा कागदाशी बोलणे मला सोपे जाते. एका पन्नाशीच्या माणसाला, ज्याने मला पाना धरायला शिकवला त्याला, तुम्ही स्वतःला सहाच का दिलेत असे मी कोणत्या तोंडाने विचारणार होते? मी मनाशी असा विचार केला: एवढा जाणता माणूस स्वतःविषयी काही म्हणतो आहे. त्याच्या कामाची मला त्याच्याहून अधिक पारख आहे, असे समजून आकडा बदलणारी मी कोण? यालाच मी नम्रता समजले. तो सहा मला थोरपणाचा वाटला आणि तो थोरपणा आपण मोडू नये असेही वाटले. एकतीस आकडे मी शाईने उतरवले. चार ओळी बऱ्या लिहिल्या. पण यादी करणारे ओळी वाचत नाहीत, आकडे वाचतात.

पेन्सिलीच्या आकड्याचा अर्थ 'येऊन पाहा' असा असतो, हे मी इंजिनांच्या कार्डांवर शेकडो वेळा पाहिले होते. माणसांच्या कागदावर ते मला दिसले नाही.

अहवाल वर जाण्यापूर्वी ज्याचा त्याला आकडा दाखवून 'पाहिले' अशी सही घ्यायची असे. साहेब शेवटी आले. कागद हातात घेतला. ते बराच वेळ त्या शाईकडे पाहत राहिले. मला वाटले, डोळ्यांवर चष्मा नाही म्हणून.

"मॅडम, नीट पाह्यलं ना तुम्ही?"

मी काहीच पाहिले नव्हते. फक्त उतरवले होते. पण तसे सांगायची लाज वाटली.

"हो साहेब. पाहिले."

"मग ठीक हाये." त्यांनी सही केली, पेन टोपण लावून माझ्या बाजूला सरळ ठेवले आणि गेले.

काही महिन्यांनी यादी आली. त्यांचे नाव नव्हते. ते स्वतःच सांगायला माझ्या खोलीत आले.

"नाही झालं, मॅडम."

"फार वाईट वाटले, साहेब."

ते उभेच राहिले. आज मला कळते, की मी आणखी काही बोलेन, कारण सांगेन, कोठे कमी पडलात ते सांगेन, याची ते वाट पाहत होते. मी टेबलावरच्या फाइलीची दोरी बांधत राहिले. शेवटी ते म्हणाले, "चार नंबरचं इंजिन आज लावू का चाचणीले?" मी म्हणाले, लावा.

निवृत्त होईपर्यंत त्यांच्या कामात तसूभर फरक पडला नाही. पुढे माझीही बदली झाली. ठरलेली वर्षे संपल्यावर मी फौज सोडली, नागपुरास परतले, एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवू लागले आणि बेसा भागात घर घेतले. आता दर सत्राच्या शेवटी विद्यार्थी माझे मूल्यमापन करतात. एकोणीस-वीस वर्षांची मुले मोबाइलवर, बहुधा उपाहारगृहात बसून, पाचपैकी तारे देतात. एकाने लिहिले होते, 'मॅडमना येतं खूप, पण बोलत नाहीत.' विभागप्रमुखांना तो शेरा अन्यायाचा वाटला. मला वाटला नाही.

साहेबांची आठवण येई, पण त्या आकड्याची येत नसे. तो त्यांचाच होता, अशी माझी पक्की समजूत होती.

गेल्या दिवाळीच्या आधी पडद्यांचे कापड घ्यायला मी गांधीबागेत गेले. एका दुकानात गादीवर बसलेले टक्कल पडलेले गृहस्थ माझ्याकडे पाहत उठून उभे राहिले. आमचा सार्जंट. निवृत्तीनंतर मेहुण्याच्या दुकानात बसतो म्हणाला, कार्यशाळेतली हिंदी सोडून आता वऱ्हाडीत. चहा मागवला. कापडांचे गठ्ठे बाजूला सारून मला बसायला जागा केली.

"साहेब भेटतात का?" मी विचारले.

"भेटते ना. काटोलले राहते. मी दर दोन-तीन महिन्याले जातो. तुमच्याबद्दल विचारते नेहमी." मग तो जरा घुटमळला. "मॅडम, एक विचारू? आता तं काही फौज नाही, रँक नाही."

"विचारा ना."

"त्याईले तुम्ही सहा काहून दिले?"

मी म्हणाले, "मी कुठे दिले? त्यांनीच तर लिहून दिले होते."

तो हसला. मी गंमत करते आहे असे त्याला वाटले असावे. मग माझा चेहरा पाहून त्याचे हसू हळूहळू मावळले.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "साहेब आपलं काम आपण पास करन का कधी? ते तं पेन्सिलनं कमीत कमी लिहून ठेवलं असंन. खरा आकडा टाकायचा होता तुम्हाले. पहिलेचे साहेब लोक तसंच करत. कोणी आठ टाके, कोणी नऊ टाके."

समोर दुसरे गिऱ्हाईक आले. सार्जंटने त्याला थांबायला सांगितले. चहा आला होता. मी तो प्याले की नाही, आठवत नाही. पडद्यांचे कापड घेतले नाही, एवढे नक्की.

"आम्हाले विचारलं असतं ना मॅडम," तो मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "तीस जण होतो आम्ही. पण आम्हाले कोण विचारते?"

काटोलला जायला मला तीन आठवडे लागले. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी काम निघायचे. अखेर सार्जंटकडून येत असल्याचा निरोप पाठवला आणि एका रविवारी सकाळी बसमध्ये बसले. संत्र्याचे व्यापारी भावावरून जोरजोरात बोलत होते. त्यांच्या आवाजात मला माझी वाक्ये जुळवता येत नव्हती आणि त्याचे बरेच वाटत होते.

साहेब फाटकातच उभे होते. वाकलेले, पण दाढी तशीच तुळतुळीत केलेली.

"या मॅडम. पाना आणला का?"

आत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पितळेची लहान बुद्धमूर्ती होती. अंगणाच्या भिंतीवर लाकडी फळा आणि त्यावर पकड, हातोडी, कैची, विळा, सगळ्यांच्या रंगवलेल्या आकृत्या. मी तिकडे पाहते आहे हे पाहून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "घरातल्या साऱ्या वस्तूची सावली काढली भितीवर. आता माहीच रायली. म्हणजे मी बाजारात गेली का समजन, एक जागा खाली हाये."

"तुही कायले काढू? तू गेली का आवाज बंद होते, तेव्हाच समजते."

मी हसले आणि मग सांगायला सुरुवात केली. बसमध्ये जुळवलेले एकही वाक्य कामी आले नाही. एवढेच म्हणाले, की साहेब, तो सहा मी दिला नव्हता. तुमचाच पेन्सिलीचा आकडा मी शाईने उतरवला. मला वाटले, तो तुमचा निर्णय आहे.

ते माझ्याकडे वळले.

"म्हणजे तो सहा माहाच?"

"हो."

"तुम्ही फक्त उतरवला?"

"हो साहेब."

"पण मी विचारलं होतं तुम्हाले. नीट पाह्यलं ना, म्हणून."

"खोटे सांगितले होते."

त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. साहेब त्यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, फळ्याकडे पाहत बोलू लागले.

"मॅडम, मी लय वर्सं शोधलं. रिटायर झाल्यावर एकेक इंजिन आठवून पाह्यलं. म्हटलं, कुठंतरी काही ढिलं रायलं असंल आपल्या हातून आणि मॅडमच्या नजरेले दिसलं असंल. पोराईले जास्त बोललो असंन. त्या प्रमुखसाहेबाले तीन घंटे थांबवलं, ते तुम्हाले आवडलं नसंल. तुम्ही कमी बोलत होत्या, पण बुद्धी पक्की होती. तुम्ही सहा देले म्हणजे सहाचंच काही असंल, असं धरून चाललो."

"मले इचारत होते," पत्नी म्हणाल्या. "जेवता जेवता थांबे आन म्हणे, मी कुठं कमी पडलो असंन वं? मी काय सांगू? मले काय इंजिन समजते?"

"आता समजलं," साहेब म्हणाले.

"समजलं ना? बरं झालं मग. म्हणजे तुमच्यात खोट नव्हतीच काही."

"तसं नाही वं." ते फार शांतपणे म्हणाले. "खोट नव्हती, हे तरी कोणी पाह्यलं? आतापर्यंत मले वाटे, कोणीतरी तपासलं आन सहा निघाले. आता समजते का माही तपासणी झालीच नाही."

मी क्षमा मागायला आले होते. पण ते शब्द उच्चारायला त्या खोलीत जागा उरली नव्हती. इतकी वर्षे ते माझ्या नजरेवर विश्वास ठेवून स्वतःवर अविश्वास दाखवत राहिले होते, आणि मी येऊन तो विश्वासही काढून घेतला. सांगितले नसते तर बरे झाले असते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्यांच्या पत्नीने विचारले, आता लिहून दिले तर काही होते का. मी म्हणाले, नाही होत. त्या म्हणाल्या, "ते मले माहीत हाये. असंच विचारलं." मग जेवायला वाढले. वाढता वाढता त्यांनी सांगितले, की ती साडी लेकीच्या लग्नात नेसली. नेसायची तर होतीच. रंग छान उठून दिसला म्हणाल्या.

साहेब मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. हातात संत्र्यांची पिशवी, मला घेऊ देईनात. बस दिसली तेव्हा म्हणाले, "मॅडम, कॉलेजात पोराईचे पेपर तपासता ना?"

"तपासते."

"पाहून?"

"पाहून, साहेब."

"बस, मग." आणि त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर एका दुपारी मी कोरा कागद घेऊन बसले. कोणाला पाठवायचा नव्हता, कोणी स्वीकारणारही नव्हते. वरती त्यांचा हुद्दा लिहिला आणि जे त्या वेळी लिहायला हवे होते ते लिहू लागले. कान. हात. तीन तास थांबवलेले इंजिन. आई आजारी असलेल्या माणसाच्या पाचापुढचा कंस. मग आकड्याचा रकाना आला आणि माझा हात थांबला. नऊ लिहिणे सोपे होते. पण ते अपराधाने दिलेले नऊ झाले असते, आणि न पाहता दिलेल्या सहापेक्षा त्याची किंमत अधिक कशी? दीड वर्ष मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांच्या कामाची थोरवी मला दिसत होती, पण ती मोजण्याइतके काम मला स्वतःला येत नव्हते. प्रमुख अधिकाऱ्यांना ते घाईच्या वेळी अडणारे गृहस्थ म्हणून ठाऊक होते. ज्या तीस जणांना त्यांनी घडवले, त्यांना कोणी विचारत नव्हते. आणि विचारले असते, तर ज्याला त्यांनी पाच दिले त्याने काय सांगितले असते, कोण जाणे. घरी वाट पाहणाऱ्या बाईला इंजिन समजत नव्हते. सगळे जाणणारा माणूस एकच होता, आणि त्याने स्वतःच्या कामावर सही करायची नाही, हे तोच आम्हाला शिकवत होता.

रकान्यात मी पेन्सिलीनेही काहीच लिहिले नाही. कागद अजून तसाच माझ्या टेबलावर, प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली आहे.

मला उत्तर सापडलेले नाही, म्हणून वाचकांनाच विचारते: त्या रकान्यात शाईने आकडा कोणी लिहायला हवा होता?